बॅण्ड वाईट गायला म्हणून चाहत्यांनी खरंच खटला भरला होता का? पैसे परत मिळाले का?

हो, भरला होता. आणि नाही, मिळाले नाहीत. तुम्ही ऐकलेला किस्सा क्रीड या अमेरिकन बॅण्डचा आहे आणि तो थाप नाही.

२९ डिसेंबर २००२. शिकागोला लागून असलेल्या रोझमाँटमधलं ऑलस्टेट अरेना. क्रीड तेव्हा जोरात होता, त्यामुळे गर्दीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न गायकाचा होता. स्कॉट स्टॅप नशेत किंवा औषधांच्या अमलाखाली होता, एकाही गाण्याचे शब्द त्याला धड म्हणता येईनात, गाणं चालू असताना तो मध्येच स्टेज सोडून जायचा तो बराच वेळ यायचाच नाही, जमिनीवर लोळला आणि शेवटी शुद्ध हरपल्यासारखा पडून राहिला, असं पुढे दाव्यात लिहिलं गेलं. बॅण्डने नंतर चाहत्यांची माफी मागितली खरी, पण त्या माफीनाम्यात असाही सूर होता की चला, निदान आमचा सगळ्यात आगळावेगळा शो तरी तुम्हाला पाहायला मिळाला! ज्याचे पैसे पाण्यात गेलेत त्याला हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा. माझ्या मते निम्मा खटला त्या एका वाक्याने ओढवून घेतला.

एप्रिल २००३ मध्ये चौघा प्रेक्षकांनी शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या न्यायालयात दावा ठोकला. स्वतःपुरता नाही, त्या रात्री हजर असलेल्या सगळ्यांच्या वतीने. मागणी साधारण २० लाख डॉलरची, आणि त्यात तिकिटाबरोबर पार्किंगचे पैसेही धरलेले. मला हा पार्किंगचा मुद्दा फार आवडतो. चिडलेला माणूस हिशोब कसा करतो ते त्यात दिसतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. २००४ मध्ये बॅण्ड फुटला. (पुढे ते पुन्हा एकत्र आले, ते वेगळं.)

आता खरा मुद्दा. आपण तिकीट काढतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो? आपल्याला वाटतं, चांगली मैफल. अमेरिकेतली न्यायालयं साधारणपणे म्हणतात, आत जाऊन जे घडेल ते पाहण्याची परवानगी. बॉक्सर माईक टायसनने १९९७ मध्ये प्रतिस्पर्धी होलीफिल्डच्या कानाचा लचका तोडला आणि थोड्याच वेळात लढत थांबवली गेली, तेव्हा टीव्हीवर पैसे भरून ती पाहणाऱ्यांनीही पैसे परत मागितले होते. २००० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्यांना वाटेला लावलं: जे काही घडेल ते पाहण्याचा हक्क तुम्ही घेतला होता, तो तुम्हाला मिळाला. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण उलटा विचार करून बघा. गायक किती बेसूर झाला की अर्धे पैसे परत, हे ठरवायचं कोणी? आवाज बसलेल्या गायकाला तापाचं सर्टिफिकेट लावावं लागेल. मी स्वतः या बाबतीत न्यायालयांच्या बाजूने आहे, जरी त्या रात्री तिथे असतो तर शिव्या मीही घातल्या असत्या.

मोजता येण्यासारखी तक्रार असली की गोष्ट जरा बदलते. २००३ च्याच जुलैमध्ये शिकागोजवळच्या सिसरोत, मेटॅलिका मुख्य बॅण्ड असलेल्या टूरवर, लिंप बिझकिट या दुसऱ्या बॅण्डचा गायक फ्रेड डर्स्ट प्रेक्षकांच्या शिव्या आणि फेकाफेकीला वैतागून सुमारे १७ मिनिटांत निघून गेला. तिथेही दावा झाला, माणशी २५ डॉलर परत मागणारा. १७ मिनिटं हा आकडा आहे, ‘मजा आली नाही’ हा नाही. मडोनाचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये साडेआठचा शो साडेदहानंतर सुरू झाला, म्हणून चाहत्यांनी जानेवारी २०२४ मध्ये तिला कोर्टात खेचलं. दुसऱ्या दिवशी लवकर उठून कामावर जायचं होतं, ही त्यांची रास्त कुरकुर. काही महिन्यांनी त्यांनीच दावा मागे घेतला.

मग पैसे कधीच परत मिळत नाहीत का? मिळालेत, पण तिथे कारण फसवणुकीचं होतं. मिली व्हॅनिली ही पॉप गायकांची जोडगोळी आठवत असेल. अल्बमवरचा आवाज त्या दोघांचा नव्हताच, हे नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचे निर्माते फ्रँक फॅरियन यांनी कबूल केलं, त्यांना मिळालेलं ग्रॅमी हे संगीताचं पारितोषिक काढून घेतलं गेलं आणि ग्राहकांचे दावे सुरू झाले. १९९१ मध्ये पुन्हा शिकागोतल्याच न्यायालयाने तडजोड मंजूर केली. (या शहराचं काय आहे कोण जाणे!) सीडीमागे तीन डॉलरपर्यंत परतावा. गंमत म्हणजे ती गाणी ऐकायला मुळीच वाईट नव्हती. लोकांनी ती आवडीने घेतली होती. क्रीडच्या प्रेक्षकांना मात्र खराखुरा स्टॅप दिसला होता, जसा होता तसा.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर आधी तिकिटामागच्या अटी वाचा. शो रद्द झाला किंवा जाहीर केलेला मुख्य कलाकार आलाच नाही, तर आयोजकाकडे परतावा मागायला तुमची बाजू बळकट असते. फक्त गाणं जमलं नाही एवढ्यावर वकील गाठू नका, त्याची फी तिकिटापेक्षा जास्त होईल.