वाचकांचे प्रश्न: फेरमोजणी कोण, कधी मागू शकतं?

प्रश्न: विधानसभेला उमेदवार थोडक्यात पडला, तर कोर्ट मतं पुन्हा मोजायला लावतं का? (एक वाचक, ता. केज)

लावतं, पण नुसत्या संशयावर नाही. पहिली संधी मोजणीच्या हॉलमध्येच असते. फेऱ्या संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी एकूण आकडे सांगतात आणि जरा थांबतात. तेवढ्यातच, कारणं लिहून, अर्ज हातात द्यायचा. नमुना २० वर, म्हणजे निकालाच्या अंतिम तक्त्यावर, त्यांची सही झाली की ही वाट बंद. आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं: प्रतिनिधी तोंडी हुज्जत घालत राहतात, कागद कुणीच लिहीत नाही.

मग राहते निवडणूक याचिका. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. अनामत २,००० रुपये. एक दिवस उशीर झाला तरी माफी नाही. कोणतं केंद्र, कोणतं टेबल, कोणती फेरी, किती मतांचा घोळ आणि त्यानं निकाल कसा फिरला, हे याचिकेतच यावं लागतं. मतदान संपताना केंद्राध्यक्ष उमेदवाराच्या प्रतिनिधीला १७-सी ची, म्हणजे त्या केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत देतात. ती प्रत्येक केंद्रावरून गोळा करून ठेवा. तिच्यातली एकूण मतं आणि मोजणीत यंत्रानं दाखवलेली मतं जुळली नाहीत, तर बोलायला जागा मिळते. फरक कमी आहे, हे कारण होत नाही. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, तरी याचिका उच्च न्यायालयानं फेटाळली.

प्रश्न: आणि सरपंचपदाचं? (ता. लोहा)

तहसीलमध्ये चकरा मारू नका. १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज करायचा; उमेदवारच नव्हे, गावातला मतदारही तो करू शकतो. हरियाणातल्या बुआना लाखू गावात एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे उलटसुलट लिहिले गेले होते. २०२२ च्या त्या निवडणुकीची यंत्रं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्वतःच्या आवारात मोजून घेतली आणि निकाल उलटला: १,०५१ विरुद्ध १,०००.

प्रश्न: राष्ट्रपतींच्या निवडीलाही आव्हान देता येतं का? (परभणी)

येतं, थेट सर्वोच्च न्यायालयात, ३० दिवसांत. पण ते उमेदवारानं किंवा किमान २० मतदारांनी द्यायचं, आणि इथे मतदार म्हणजे निवडून आलेले खासदार-आमदार, तुम्ही-आम्ही नाही. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या मतांत कोट्याला, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या आकड्याला, पोचले नव्हते. दुसऱ्या पसंतीची मतं मिळवून ते नीलम संजीव रेड्डींविरुद्ध ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले (हे आकडे मतांच्या मूल्याचे). त्यांच्याविरुद्धच्या याचिकांत वाद मोजणीचा नव्हता, रेड्डींच्या बदनामीच्या पत्रकाचा होता. राष्ट्रपती असताना गिरींनी स्वतः साक्ष दिली; १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींविरुद्धची, हरलेले उमेदवार पी. ए. संगमा यांची याचिकाही फेटाळली गेली, पण ३ विरुद्ध २ न्यायाधीशांच्या मतानं. आणि समजा निवड रद्द झालीच, तरी तोवर राष्ट्रपती म्हणून केलेल्या सह्या बाद होत नाहीत. घटनेच्या अनुच्छेद ७१ मध्येच तशी तरतूद आहे.