थाई जोडीदाराचा शेंगेन व्हिसा: आधी रात्री मोजा
शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा; ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. पॅरिसला चार रात्री आणि रोमला सहा असतील, तर विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज इटलीकडेच करायचा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

जोडीदार थायलंडला परत येणार, हे व्हिसा देणाऱ्यांना पटवणं सगळ्यात महत्त्वाचं. बायकोच्या पहिल्या अर्जाला मी माझ्याच पगाराचे कागद भरभरून जोडले, तिचं रजेचं पत्र राहिलं. नकार आला, ती दोन दिवस गप्प होती. दुसऱ्यांदा तिच्या कंपनीचं पत्र, रजेच्या तारखा आणि पुन्हा रुजू होण्याचा दिवस लिहिलेलं, सगळ्यात वर ठेवलं. तिच्या खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम टाकू नका. खर्च तुमचा असेल तर तसं सरळ लिहून द्या.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. लंडनला जाणार असाल तर तो व्हिसा वेगळा.