घराण्यातील अपस्मार : वाचकांची प्रश्नोत्तरे

‘फिट घराण्यातच आहे, मग औषधाचा काय उपयोग?’ हा प्रश्न याही वेळी अनेक पत्रांत आहे. आनुवंशिक अपस्मार असाध्य असतो, हा समज चुकीचा आहे. उलट त्याचा नेमका प्रकार कळला, तर औषधाची निवड अधिक अचूक होते.

मला फिट येते, वडिलांनाही येत असे. माझ्या मुलांनाही येईलच का?

येईलच असे नाही. बहुतेक प्रकारांत अशा आईवडिलांच्या बहुसंख्य मुलांना फिट येत नाही. एकाच जनुकातील दोष पिढ्यानुपिढ्या उतरत आलेली घराणी मात्र असतात, तेव्हा नातेवाइकांच्या आजारांची माहिती घेऊन जनुकीय समुपदेशकांना भेटावे.

मुलगा 24 वर्षांचा. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी सुरू केल्यापासून सकाळचे झटके वाढले आहेत.

उठल्यानंतर तासाभरात दात घासताना हातातून ब्रश उडणे, चहा सांडणे, आणि हे जागरणानंतर जास्त होणे, असे असेल तर जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हातापायांना झटके देणाऱ्या आनुवंशिक अपस्माराची शंका घ्यावी लागते. या प्रकारात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनने झटके वाढू शकतात. रुग्ण मोठी फिट तेवढी सांगतो आणि हे झटके ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतो, त्यामुळे निदान हुकते. झटक्यांचे मोबाइलवर चित्रण करून याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, परंतु गोळी परस्पर बंद करू नये.

मुलगी 26 वर्षांची, फिटसाठी व्हॅल्प्रोएटची गोळी घेते. लग्न ठरले आहे. सासरी कळू नये म्हणून गोळी थांबवावी का?

मुळीच नाही. गोळी अचानक थांबवल्यास एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. तथापि हीच गोळी गरोदरपणात चालू राहिली, तर शंभरातील सुमारे दहा बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक विकासात अडचणी येतात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे जेमतेम लक्षात येते तोवर. आणि आपल्याकडे मुलगी तज्ज्ञांसमोर येते ती तिसऱ्या महिन्यात, तेही सासूबाईंना बाहेर बसवून! लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन हे तुलनेने सुरक्षित पर्याय आहेत, पण हा बदल करून नवा डोस बसायला काही महिने लागतात, म्हणून लग्नाच्या खरेदीआधी तज्ज्ञांची वेळ घ्यावी. फॉलिक ॲसिडही गर्भधारणेआधीच सुरू करायचे असते. लॅमोट्रिजिन घेताना गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्यांतील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण घटते, हेही डॉक्टरांना सांगावे. राहिला लपवण्याचा प्रश्न. विवाह रद्द करण्यासाठीचे अपस्मार हे कारण विवाहविषयक कायद्यांतून 1999 मध्येच वगळले गेले आहे. दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे, कारण चोरून घ्यायची गोळी हमखास चुकते.

गावातील वैद्यांच्या पुडीने भावाची फिट थांबली. ती चालू ठेवावी का?

अशा काही पुड्यांमध्ये चक्क फिनोबार्बिटोन हे फिटचे ॲलोपॅथिक औषध मिसळलेले आढळले आहे. ‘गॅरंटी’ची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत, आणि पुडी संपली की फिट उसळते. पुडी घेऊन तज्ज्ञांकडे जावे. तीही एकदम बंद करू नये.

दोन वर्षांत फिट नाही. गोळ्या बंद करू का?

प्रकार न सांगता विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर नाही. काही आनुवंशिक प्रकारांत गोळी सोडताच फिट परतते.

फिट आल्यावर कांदा हुंगवावा का?

नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यावे.