आवाज थांबले, आता गोळ्या थांबवू का?

तासगाव तालुक्यातून एका आईने लिहिलंय: 'मुलगा २० वर्षांचा, सांगलीत इंजिनिअरिंगला. कानात आवाज येतात, मित्र मोबाईलवरून पाळत ठेवतात, असं म्हणायचा. तीन महिने देवर्षी केले, मग मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. चार महिने गोळ्या चालू आहेत, आवाज थांबले. पण दिवसभर झोपतो, वजन वाढलंय. जाऊबाई म्हणतात, सवय लागेल, गोळ्या बंद करा. हे म्हणतात, आळशी झालाय, बागेत कामाला जुंपा.'

ताई, गोळ्या बंद करू नका. त्यांचं व्यसन लागत नाही. घरच्यांची फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. गोळ्या सोडल्या की बहुतेकदा लगेच काही बिघडत नाही, उलट पोरगं तरतरीत दिसतं. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आणि तोवर गोळ्यांची आठवणही कुणाला राहत नाही. म्हणून बरं वाटल्यावरही साधारण एक-दोन वर्षं औषध चालू ठेवतात. कधी आणि किती कमी करायचं, ते डॉक्टर ठरवतील.

पण झोप आणि वजन मुकाट सोसू नका. बरीच मुलं या त्रासापायीच गोळ्या गुपचूप टाकून देतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषधही बदलता येतं. वजन आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

आता आळसाचं. आवाज गेले तरी उत्साह, बोलणं, एकाग्रता मागाहून येतात, सावकाश. यजमानांना एवढंच विचारा: एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाल्यावर वेलीवर घड दिसत नाही, तेव्हा तिला कोण आळशी म्हणतं? काडीत घड धरायचं काम त्याच दिवसांत चालू असतं. त्याला बागेत जरूर न्या, पण सोबत म्हणून, संध्याकाळी तासभर. कॉलेजचंही तसंच. यंदा दोनच विषय दिले तरी चालतील.

एक गोष्ट मात्र आजच करा. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आजारातून उठताना, आपल्याला काय झालं होतं हे उमगलं की काही मुलं फार खचतात. मरणाचं बोलला तर रागावू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, मराठीतून.

देवर्ष्यात गेलेल्या तीन महिन्यांबद्दल स्वतःला खाऊ नका, ताई. तुम्ही त्याला मिरजेला नेलंत. पुढच्या तारखेला गेलात की दहा मिनिटं त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या.