तुमचा प्रश्न: ऑर्डर परदेशातली, ब्रेक मात्र आम्हाला

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकला सातपूरमध्ये राहतो, आयटीआय टर्नर केलंय, अंबडला ठेकेदारामार्फत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, डिझेल गाड्यांचे पार्ट बनतात. ऑर्डर कमी झाली की आम्हाला ब्रेक, परमनंटवाल्यांना काही नाही. बायको सीझनला दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाते, तिचंही तसंच. जागतिकीकरणाने आमचं काय भलं झालं? आणि मुलगा दहावीला आहे, त्याला आयटीआयला घालू का?

उत्तर: दादा, तुमचा राग बरोबर आहे. कामं आली हे खरं, वहिनी जे करतात ना, कात्रीने घडातले खराब मणी काढायचे, वजन करून पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा भरायचा, ते काम युरोपला माल जातो म्हणूनच एवढं आहे. पण २०१० ला क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचा अंश सापडला आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली, नियम तिकडचा, पैसा बुडाला बागायतदाराचा, आणि माल थांबला की रोजंदारीवाल्या बाईला काही न विचारता उद्यापासून येऊ नको. कांद्याचंही तेच, डिसेंबर २०२३ ला दिल्लीने निर्यात बंद केली ती थेट मे २०२४ ला उठवली, तोवर लासलगावच्या हमालाने काय करायचं?

तुमच्या डिझेलचं सगळंच काही बाहेरच्या ऑर्डरवर नाही, एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला, छोट्या डिझेल गाड्या महाग पडायला लागल्या, मारुतीने तर डिझेल बंदच केलं. म्हणजे ते काम पूर्वीसारखं परत येईल या आशेवर राहू नका. मला खरी चीड याची येते की धंद्यातली सगळी जोखीम खाली खाली ढकलत शेवटी ठेकेदाराच्या माणसावर टाकतात, आणि नफा वाटताना तो कुणाला आठवत नाही.

तेव्हा उमंग ॲपवर पीएफचं पासबुक आजच बघा, तुमचे कापलेले १२ टक्के खरंच जमा होतायत का. पगार स्लिप, गेटपास जपून ठेवा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे कायद्यात आहे, घाबरू नका, चार-पाच जण मिळून कामगार उपायुक्त कार्यालयात जा.

मुलाला आयटीआयला जरूर घाला, पण नुसतं बटण दाबणारा ऑपरेटर नको, ड्रॉइंग वाचणं, प्रोग्रॅम लिहिणं, सेटिंग करणं हे शिकू दे, सेटरला डिझेल काय नि दुसरा कुठला पार्ट काय, काम मिळतं. आणि वहिनींना सांगा, रोजची हजेरी तारखेसकट वहीत लिहा, सीझनचं काम असलं तरी किमान वेतन त्यांनाही लागू आहे.