नाट्यसंस्था सहकारी तत्त्वावर नोंदवायची असेल तर

चौदा जणांचा नाट्यगट सहकारी संस्था म्हणून नोंदवावा की न्यास (ट्रस्ट) म्हणून, असे आपण विचारले आहे. देणगीदारांना करसवलत मिळवून देणे हाच मुख्य हेतू असेल, तर न्यास बरा. पण काम करणारेच मालक असावेत असे मनापासून वाटत असेल, तर मी सहकाराच्याच बाजूचा आहे. फक्त सामान आणि कर्ज कोणाच्या नावावर राहणार, हे आधी लेखी ठरवून घ्या.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली तेव्हा बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे भागीदार होते; पुढे टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि कर्जाचा सारा बोजा एकट्या बालगंधर्वांच्या डोक्यावर आला. याउलट पॅरिसमधले ‘तेआत्र द्यु सोलेय’ हे नाट्यपथक १९६४ मध्ये कामगारांची सहकारी संस्था म्हणूनच सुरू झाले. तिथे नट, तंत्रज्ञ आणि दिग्दर्शिका आरियान म्नूशकिन या सर्वांना समान वेतन असते, आणि तरीही दिग्दर्शनाची सूत्रे म्नूशकिन यांच्याकडेच राहिली. मालकी सर्वांची असली म्हणजे पात्रनिवडही मतदानाने झाली पाहिजे, असे मुळीच नाही.

आपल्याकडे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार किमान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात, म्हणजे गटातले नवरा-बायको या दहांत एकच धरले जातील. भाग (शेअर) कितीही घेतले तरी मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. पुष्कळांना ही अडचण वाटते. मला मात्र नाटकवाल्यांसाठी हे वरदान वाटते, कारण एरवी चार प्रयोग हाउसफुल्ल गेले की गल्ला वाटून मोकळे होण्याची आपली सवय आहे.

प्रयोगाची ‘नाइट’ हा मेहनताना आहे, लाभांश नव्हे. ती खर्चात धरून त्याच रात्री द्यावी. आमच्याकडे टेम्पोत सेट चढत असतानाच विंगेतल्या ट्रंकेवर वही उघडून सह्या होतात, नटाची आणि पडदा ओढणाऱ्याची एकाच पानावर.

आमची चूक सामानाच्या बाबतीत झाली. वर्गणीतून घेतलेल्या डिमरचे, म्हणजे रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे, बिल एका सहकाऱ्याच्या नावावर फाडले होते. तो गट सोडून गेला तेव्हा डिमरही घेऊन गेला, आणि पुढचे तीन प्रयोग आम्हाला भाड्याच्या दिव्यांवर करावे लागले. म्हणून प्रत्येक बिल संस्थेच्याच नावावर घ्या, आणि सभासद बाहेर पडताना त्याच्या भागाची रक्कम किती मुदतीत परत द्यायची, हे उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, पहिल्याच दिवशी लिहा.