पहिल्या नाही, दुसऱ्या वर्षाचं भाडं विचार

अगं,

तू पाठवलेलं ब्रोशर आणि सगळे फोटो नीट बघितले. फ्लॅट छान आहे, उजेड भरपूर आहे, आणि बिल्ड टू रेंट, म्हणजे भाड्याने द्यायलाच बांधलेल्या, बिल्डिंगमध्ये राहायला जाऊ का एवढाच प्रश्न असेल तर माझं उत्तर सरळ हो आहे, मी स्वतः बरीच वर्षं अशाच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतेय आणि परत एकट्या घरमालकाच्या फ्लॅटमध्ये जायची मला अजिबात इच्छा नाही. पण तुझ्या मेसेजमध्ये जिम आहे, टेरेस आहे, एक महिना फ्री आहे, आणि पुढच्या वर्षी भाडं किती होणार हे मात्र कुठेच नाही. म्हणून हे लांबलचक लिहितेय, सही करायच्या आधी वाच.

चांगलं काय ते आधी. अख्खी बिल्डिंग एकाच मालकाची असते आणि तो मालक म्हणजे बहुतेक वेळा पेन्शन फंड, विमा कंपनी नाहीतर गुंतवणुकीचा मोठा फंड, त्यांनी ती भाडं कमवायलाच बांधलेली असते. त्यामुळे "आमच्या मुलाला राहायला हवाय, फ्लॅट रिकामा करा" असा फोन येत नाही. विकायला काढला म्हणून दर शनिवारी अनोळखी माणसं तुझ्या बेडरूममध्ये डोकावून जात नाहीत. नळ गळला की अ‍ॅपवर तक्रार टाकायची, खालीच मेंटेनन्सचा माणूस असतो, तो येतो. एकटीने नव्या शहरात राहताना ही निश्चिंती किती मोठी असते ते तिथे गेल्यावर कळेल तुला. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात, लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंचं गाव बांधलं होतं त्यातली जवळपास निम्मी घरं आता अशीच भाड्याची आहेत, तेव्हा भाड्याने राहणं म्हणजे काहीतरी तात्पुरतं, कमीपणाचं, असलं मनात आणूच नकोस.

आता तो फ्री महिना. समजा कागदावर भाडं महिना १२०० आहे. बारापैकी एक महिना फुकट, म्हणजे वर्षाचे १३,२०० जाणार, म्हणजे खरं भाडं पडलं ११००. तू तुझं बजेट ११०० वर बसवतेस. वर्ष संपलं की रिन्यूअलचं, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट पुढे वाढवायचं, पत्र येतं, पाच टक्के वाढ, आणि ती लागते १२०० वर, फ्री महिना गेलेला असतो, म्हणजे झाले १२६०. पत्रात पाच टक्के लिहिलंय आणि तुझ्या खिशातून साडेचौदा टक्के जास्त जातायत. यात फसवणूक काही नाही, सगळं कागदावर असतं, पण पहिल्यांदा भाड्याने घर घेणारी बहुतेक मुलं हे गणित मांडतच नाहीत.

मग ते सरळ भाडंच शंभराने कमी का करत नाहीत? हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल. अशा बिल्डिंगची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते. वर्षाला खर्च वजा जाऊन जे उरतं त्याला गुंतवणूकदाराला हव्या असलेल्या परताव्याने भागतात. परतावा पाच टक्के धरला तर महिन्याचे १०० कमी म्हणजे वर्षाचे १२०० कमी, म्हणजे त्या एका फ्लॅटची किंमत २४,००० ने खाली. दोनशे फ्लॅट असले तर ४८ लाख. फ्री महिना दिला की कागदावरचं भाडं तसंच उभं राहतं आणि किंमतही राहते. त्यामुळे लीजिंग ऑफिसमधली, म्हणजे फ्लॅट भाड्याने देणाऱ्या ऑफिसमधली, मुलगी भाडं कमी करत नाही म्हणून तिच्यावर चिडू नकोस, तिच्या हातात ते नसतं, पण दुसरा एखादा महिना, पार्किंग, स्टोरेज, पेट फी माफ, असलं द्यायची मुभा तिला बऱ्याचदा असते. तेच माग.

तिला दोन प्रश्न नक्की विचार आणि उत्तरं ईमेलवर घे. रिन्यूअलला वाढ कशी ठरते, वरची काही मर्यादा अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिली आहे का? आणि मला मध्येच सोडायचं झालं तर नोटीस किती आणि पैसे किती? काही बिल्डिंग्ज वाढ महागाईच्या दराला बांधून देतात, तसं मिळालं तर सोडू नकोस. तोंडी "आम्ही फार वाढवत नाही" याला काही अर्थ नाही, असं सांगणारी व्यक्ती सहा महिन्यांत दुसऱ्या नोकरीला गेलेली असते, या ऑफिसांमध्ये माणसं फार बदलतात.

रिन्यूअलच्या वेळी काय करायचं ते पण आत्ताच सांगते. पत्र यायची वाट बघायची नाही, तीन महिने आधी बिल्डिंगच्याच वेबसाइटवर जाऊन तुझ्यासारखाच फ्लॅट नव्या माणसाला कितीला देतायत ते बघ आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेव. नव्याला स्वस्त असेल तर तो स्क्रीनशॉट लावून नम्रपणे लिही की मलाही हाच दर द्या. तुझा फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर त्यांचं वर्षाचं सव्वाआठ टक्के भाडं गेलं, वर रंग, सफाई, जाहिरात, म्हणजे वेळेवर भाडं भरणारी जुनी भाडेकरू त्यांना हवीच असते. आणि भाडं माणूस ठरवतोय असं धरून चालू नकोस, बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर आकडा सुचवतं. अमेरिकेत २०२४ मध्ये न्याय विभागाने रिअलपेज या अशाच सॉफ्टवेअरच्या कंपनीवर खटला भरला होता, घरमालकांची आतली माहिती एकत्र करून भाडं सुचवतात आणि त्यामुळे स्पर्धा मरते असा आरोप होता. तेव्हा आलेला आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही, उलट लिहायला लाजू नकोस.

कायदा तुझ्या गावचा काय आहे तो तूच वाच, जागोजागी वेगळा असतो. इंग्लंडमध्ये २०१९ पासून डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतंच घेता येतं, आणि १ मे २०२६ पासून कारण न देता घर रिकामं करायला सांगणं बंद. दुसरीकडे यातलं काहीच नसेल. एक संध्याकाळ घालव त्यावर.

जिमबद्दल एवढंच, की ती सकाळी अकरा वाजता दाखवतात, तू संध्याकाळी सात वाजता जाऊन बघ. लिफ्टपण त्याच वेळी बघ.

हीटिंग आणि गरम पाणी कुठून येतं हे मात्र खोदून विचार. बऱ्याच नव्या बिल्डिंग्जमध्ये तळघरात एकच मोठा प्लांट असतो आणि तिथून पाइपाने सगळ्या फ्लॅट्सना उष्णता जाते, मग कंपनी बदलायची सोय तुला नसते, दर ते म्हणतील तो, आणि वापर शून्य असला तरी रोजचा ठरलेला आकार पडत राहतो. आत्ता राहणाऱ्या कुणाचं तरी थंडीतलं एक बिल बघायला मिळालं तर ते ब्रोशरच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगेल.

किल्ली मिळेल त्या दिवशी सामान आत आणायच्या आधी दोन तास रिकामे ठेव. घर सोडताना, चेकआउटला, डिपॉझिटमधून पैसे कुठे कापतात ते मी इतक्या जणांचं बघितलंय की जागा पाठ झाल्यात: बाल्कनीच्या दारासमोरची फरशी किंवा लॅमिनेट, तिथे पाणी येऊन कडा फुगलेल्या असतात, शॉवरच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन, काळं पडलेलं, किचन ओट्याची सिंकजवळची कड, पडद्यांची दोरी, आणि फर्निचर त्यांचं असेल तर गादीची खालची बाजू. गादी उलटी करून फोटो काढ, खरंच काढ. सगळे नळ एकदम सोडून पाणी किती वेळात जातं बघ, सिंकखालच्या सांध्यावर कोरडा टिश्यू फिरव, ओला झाला तर तिथेच गळतंय. मीटरच्या आकड्याचा फोटो. आणि हे सगळं त्याच रात्री ईमेलने पाठव, नुसतं अ‍ॅपवर टाकू नकोस, कारण या बिल्डिंग्ज एका फंडाकडून दुसऱ्याकडे विकल्या जातात, तुझं अ‍ॅग्रीमेंट सहसा चालूच राहतं पण अ‍ॅप बदलतं आणि जुन्या तक्रारी, जुन्या पावत्या त्याबरोबर जातात. दर महिन्याची पावती आणि प्रत्येक तक्रार स्वतःकडे पीडीएफ करून ठेव. बिल्डिंग विकली गेली की पहिलं विचारायचं, माझं डिपॉझिट आता कुणाकडे आहे, लेखी द्या.

स्मार्ट लॉक असेल तर साधी किल्ली किंवा कार्ड मागून घे, फोनची बॅटरी संपली म्हणून रात्री बाहेर उभं राहायला नको.

आणि शेजाऱ्यांना ओळख. हे मी मनापासून सांगते कारण अशा बिल्डिंगमध्ये वर्षभर राहून शेजारच्या दाराचं नाव माहीत नसणारी मुलं मी बघते आणि वाईट वाटतं. मॅनेजमेंट महिन्यातून एकदा काहीतरी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवतं, कंटाळा आला तरी पहिल्या दोन-तीनला जा, भाडेकरूंचा स्वतःचा ग्रुप असेल तर त्यात शीर, नसेल तर काढ. एकट्या घरमालकाकडे प्रत्येक भाडेकरू एकटा असतो, इथे दोनशे घरांचा मालक एकच आहे, म्हणजे लिफ्ट आठवडाभर बंद असेल किंवा रिन्यूअलला सगळ्यांनाच अवाजवी वाढ आली असेल तर चाळीस जणांनी सही केलेलं एक पत्र जाऊ शकतं. तसं पत्र गेल्यावर ऑफिसचा सूर बदलतो हे मी बघितलंय. आजारी पडलीस तर औषध आणून देणारंही कुणीतरी त्याच ग्रुपमधून मिळेल, आणि तुझ्या आईला फोनवर तेवढं सांगता आलं तरी तिची झोप नीट होईल.

अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट मागून घे, "पोर्टलवर बघा आणि सही करा" म्हणाले तरी आधी डाउनलोड कर आणि मला पाठव. रविवारी निवांत वाचते आणि जिथे शंका वाटेल तिथे खुणा करून परत देते, तोवर फ्लॅट तुझ्यासाठी राखून ठेवायचे होल्डिंगचे पैसे भरू नकोस.

तुझी ताई